वडिलांकडं कुणाला होतं का?



आमच्या घरी एक शजरा आहे. शजरा म्हणजे वंशावळ. माझ्या आजोबांनी जाड, पिवळट कागदावर काळ्या शाईनं उर्दूत उतरवून ठेवलेली. सात पिढ्या आहेत तिच्यात. सातारा-सांगलीकडच्या तुम्हा मंडळींना हेळवी ठाऊक असतील. सुगी झाली की ते कर्नाटकातून येतात, दारात बसून तुमच्या खापरपणजोबाचं नाव सांगतात, नव्यानं जन्मलेल्या मुलाचं नाव चोपडीत चढवतात, पायली-दोन पायली धान्य घेतात आणि पुढच्या घराकडं वळतात. आमचा शजरा त्यातलाच. फरक एवढाच, की आमच्या घरचे हेळवी म्हणजे आजोबाच.

त्या शजऱ्यात एकाही बाईचं नाव नाही. पन्नाशीला येईपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. असा माणूस स्तनाच्या कर्करोगावर काय बोलणार, असं तुमच्या मनात येईल. पण जे सांगणार आहे ते मला गेल्या काही वर्षांत, डॉक्टरांना एकेक शब्दाचा अर्थ विचारत शिकावं लागलं. आणि इथं बोलायला बसण्याआधी मी माझ्या बहिणीची आणि मुलीची परवानगी घेतली आहे.

२०१७ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. ती तेव्हा ४४ वर्षांची होती. आम्ही मिरजेला गेलो. आपल्याकडं मोठं दुखणं आलं की पाय मिरजेकडंच वळतात. १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी तिथं मिशनचं इस्पितळ उघडलं तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. तपासणी झाली. गाठ कर्करोगाची निघाली. मग एका तरुण डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "घरात आधी कुणाला कर्करोग झाला होता का? आईकडं? आणि वडिलांकडं कुणाला होतं का?"

मी थोरला भाऊ. उत्तर मीच दिलं. म्हटलं, "नाही हो डॉक्टर, कुणालाच नाही."

संध्याकाळी घरी आलो. अम्मा भाकरी थापत होती. तिला मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. तव्याकडं बघतच ती म्हणाली, "तेरी फुप्पीकू क्या हुआ था फिर?"

फुप्पी म्हणजे माझी आत्या. मी दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हा ती सासरहून आमच्याकडं परत आली. तिला परत पाठवलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आतल्या खोलीत ती पडून असायची. छातीवर ओढणीची घडी. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी आत जायचं. आम्हा पोरांना उंबरा ओलांडायची बंदी. कुणी विचारलं तर घरात एकच उत्तर ठरलेलं, "सीने का दर्द है." एकदाच दादीच्या तोंडून 'नासूर' असा शब्द ऐकला, तोही आजोबांनी डोळे वटारताच अर्ध्यावर तुटला. धाकट्या फुप्पीचं लग्न जमायचं होतं. मोठीला काय झालंय हे बाहेर गेलं असतं तर स्थळ मोडलं असतं. फुप्पी ३६ वर्षांची होऊन वारली. धाकटीचं लग्न ठरल्याप्रमाणं झालं. त्या दुखण्याचं नाव त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

आणि मी डॉक्टरांना 'नाही' म्हणून आलो होतो. खोटं बोललो नव्हतो. मला खरंच आठवलं नव्हतं. पण त्या 'नाही'ची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बहुतेक घरांत असंच होतं. आईकडचं सांगतात. वडिलांकडच्या बायका कुणाच्या लक्षात नसतात."

श्रोतेहो, आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच असतो. प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पेशीतला हा जनुकांचा धागा रोज कुठं ना कुठं तुटत असतो, आणि तो सांधण्याची सोयही पेशीतच असते. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एक रफूगर होते. शेरवानीला भोक पडलं तर असं भरून द्यायचे की कुठं फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. आपल्या पेशींत असे रफूगर असतात. त्यांतल्या दोघांची नावं आहेत बीआरसीए-वन आणि बीआरसीए-टू.

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं एकच प्रश्न लावून धरला होता. काही घराण्यांत आई, मावशी, मुलगी अशा सगळ्यांना तरुण वयात स्तनाचा कर्करोग होतो, यामागं एखादंच जनुक असू शकेल का? पुष्कळ जाणकारांना ही कल्पना पटत नव्हती. १९९० साली त्यांनी दाखवून दिलं, की असं जनुक आहे आणि ते सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते नेमकं हाती लागलं. दुसरं, तेराव्या गुणसूत्रावरचं, १९९५ साली सापडलं. किंगबाईंनी सुरुवात कशानं केली? घराघरांतल्या बायकांची नावं, त्यांची दुखणी आणि दुखणं झालं तेव्हाचं वय लिहून घेण्यानं. म्हणजे आमच्या आजोबांनी जे गाळलं, नेमकं त्यानंच.

या जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असेल तर धोका किती वाढतो? २०१७ साली अशा सुमारे दहा हजार बायकांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या ऐंशीपर्यंत बीआरसीए-वनमध्ये बिघाड असलेल्या शंभरांतल्या ७२ जणींना आणि टूमध्ये बिघाड असलेल्या ६९ जणींना स्तनाचा कर्करोग होतो, असा त्याचा अंदाज होता. अंडाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १७. त्या बायका बहुतांश पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, तेव्हा हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण धोका केवढा मोठा आहे ते त्यातून कळतं.

आता महत्त्वाची गोष्ट. ही बिघडलेली प्रत मुलीला आईकडून जितकी मिळू शकते तितकीच वडिलांकडूनही मिळू शकते. मूल मुलगा असो वा मुलगी, दर वेळी निम्मी शक्यता. बापाला स्वतःला बहुधा काही होत नाही. पुरुषालाही स्तनाचा कर्करोग होतो, पण क्वचित. प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो. माझे अब्बा ८१ वर्षं जगले. त्यांच्या बहिणीला जे झालं ते त्यांच्या अंगातून, काही आवाज न करता, पुढं आलं आणि माझ्या बहिणीपर्यंत पोचलं.

आमच्यात नात्यात लग्नं होतात, म्हणून हे झालं का, असंही मला काहींनी विचारलं. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न इतर समाजांतही होतंच. नात्यातल्या लग्नानं काही आजार वाढतात हे खरं. पण इथं एक बिघडलेली प्रत पुरते. लांबची सोयरीक केली म्हणून ती धुऊन निघत नाही आणि जवळची केली म्हणूनच ती येते असंही नाही. यात कुणाचा धर्म, कुणाची जात काढण्यात अर्थ नाही.

पण एवढं ऐकून 'आमच्या घराण्यात नाही, आम्ही सुटलो' असं कुणी म्हणू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असा वारशानं आलेला रोग पाच ते दहा जणींचाच असतो. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणं भारतात वर्षाला सुमारे एक लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाला आणि ९८ हजार दगावल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाही नव्हता.

बाकीचा धोका येतो कुठून? याचं उत्तर शोधायला आपल्याच भागात एक मोठं काम झालं आहे. १९८७ साली बार्शीला कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतला प्रत्येक रुग्ण तिच्यात लिहायचा. ग्रामीण भारतातली ही अशी पहिली नोंदवही. मुंबईची नोंदवही त्याआधीपासून, १९६० च्या दशकापासून होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, की स्तनाचा कर्करोग बार्शीकडं मुंबईपेक्षा पुष्कळच कमी आहे. बार्शीहून मुंबईला गेलेल्या माणसाची जनुकं काही कल्याण स्टेशनात बदलत नाहीत. बदलतं ते जगणं. पहिलं मूल कोणत्या वयात झालं, किती झाली, अंगावर किती महिने पाजलं, शरीराला कष्ट किती, वजन किती. २००२ साली तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की बाई आयुष्यात जितकी वर्षं अंगावर पाजते त्यातल्या दर वर्षामागं तिचा धोका चार टक्क्यांहून थोडा अधिक कमी होतो, आणि दर बाळंतपणामागं आणखी सात टक्के. म्हणून कुणी लेकीबाळींवर बाळंतपणं लादू नयेत. पण पाजणाऱ्या आईला सवड द्यावी, बायांनी चालावं-फिरावं, पाळी गेल्यावर वजनाकडं बघावं, एवढं घरच्यांना नक्की करता येतं.

दवाखान्यात मी एक नवा शब्द ऐकला, जनुकांची अभिव्यक्ती. मला हसू आलं. अभिव्यक्ती हा आम्हा कवींचा शब्द, असा माझा समज. मग समजावून घेतलं. डोळ्याच्या पेशीत आणि हाताच्या पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी एकाच वेळी बोलत नाहीत. तुम्ही आता रेडिओ ऐकताय. हवेत कितीतरी केंद्रं आहेत. तुम्ही खुंटी फिरवाल ते वाजतं, आवाज ठेवाल तेवढ्यानं वाजतं. जनुकांचं तसंच. कोणतं बोलतंय आणि केवढ्यानं, ही झाली अभिव्यक्ती.

कर्करोगाच्या गाठीत ही खुंटी बिघडते. हर-टू नावाचं एक जनुक आहे. शंभरांतल्या पंधरा-वीस गाठींत त्याच्या प्रती वाढतात आणि ते ओरडायला लागतं, पेशींना 'वाढा, वाढा' म्हणत. अशी गाठ जास्त दांडगी असते, हे १९८७ साली अमेरिकेत डेनिस स्लेमन यांनी दाखवलं. एकेकाळी हे वाचूनच डॉक्टरांचा चेहरा पडायचा. पण कोण ओरडतंय हे कळलं म्हणून त्याचं तोंड बंद करायचं औषधही शोधता आलं. ते १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि नंतर तसंच औषध भारतातही बनू लागलं. उलटही होतं. बीआरसीए-वनचं एकही अक्षर बिघडलेलं नसतं, पण गाठीतल्या पेशींत त्याचा आवाजच बंद केलेला असतो. रफूगर दुकानात आहे, पण त्याला कुणी कामाला हात लावू देत नाही. परिणाम तोच.

म्हणून गाठीचा तुकडा तपासतात तेव्हा नुसतं 'कर्करोग आहे की नाही' एवढंच बघायचं नसतं. संप्रेरकांची दोन कुलपं आणि हर-टू, या तिन्हींची तपासणी झाली का, हे विचारा. औषध त्यावर ठरतं. माझ्या बहिणीच्या गाठीत तिन्ही नव्हती. तरुण वयात अशी गाठ निघाली की डॉक्टरांना बीआरसीए-वनचा संशय येतो.

आपल्या सातारा जिल्ह्यात, कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतही याच विषयावर काम झालं आहे. तिथल्या संशोधकांनी नैर्ऋत्य महाराष्ट्रातल्या रुग्ण बायका आणि निरोगी बायका यांच्या रक्तातली रफूगर जनुकं ताडून पाहिली. ही बीआरसीएसारखी बडी मंडळी नव्हेत, लहान-लहान जनुकं. एकेकाचा परिणाम थोडा, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. मग उपयोग काय? उपयोग असा, की जनुकांतल्या बदलांच्या जगातल्या याद्या बहुतांश गोऱ्या लोकांच्या रक्तावरून झाल्या आहेत. आपल्या बायकांच्या तपासणीत कधी कधी असा बदल सापडतो की त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. अहवालात तसंच लिहून येतं. घाबरून जाऊ नका. तो बिघाड सापडला असा त्याचा अर्थ नव्हे. पण आपल्या मातीतल्या बायकांच्या नोंदी वाढल्याशिवाय हे कोडं सुटणारही नाही.

बहिणीचे उपचार झाले. केस गेले, परत आले. आज ती नातवाच्या मागं धावते. तिच्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-वनमध्ये बिघाड सापडला. तपासणी आधी जिला रोग झाला आहे तिची करतात, हे लक्षात ठेवा. तिच्यात नेमका बदल सापडला की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा. ते सोपं होतं आणि खर्चही कमी येतो.

बाकीच्यांत मी होतो. मी टाळलं. आधी कामं होती, मग लॉकडाऊन लागला. खरं सांगायचं तर भीती होती, आणि भीती माझ्यासाठी नव्हती. मला एक मुलगी आहे. शेवटी २०२१ साली रक्त दिलं. बिघाड माझ्यातही निघाला.

दोन वर्षांनी मुलीला सांगलीकडचं एक चांगलं स्थळ आलं. नात्यातल्या थोरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता काही बोलू नका. लग्न होऊ द्या." अगदी आजोबांचंच वाक्य. वाईट हेतूनं कुणी बोलत नव्हतं. आजोबाही वाईट नव्हते. एका लेकीचं मरण झाकून दुसरीचा संसार वाचवत होते. मी दोन रात्री झोपलो नाही. सकाळी मुलगीच म्हणाली, "अब्बा, फुप्पीदादीला आपण खोलीत ठेवलं. मला ठेवू नका." मुलाशी ती स्वतः बोलली. त्या घरातून पुढं निरोप आला नाही. कारणही आलं नाही. त्यांना मी दोष देत नाही.

मुलीनं नंतर तपासणी केली. तिचा निकाल तिचा आहे. तो सांगायची परवानगी मी मागितली नाही आणि मागणारही नाही.

पण निकाल काहीही असो, आज मार्ग आहेत, जे फुप्पीला नव्हते. बिघाड असलेल्या मुलीची पंचविशी-तिशीपासून वर्षाला एमआरआयसह तपासणी करता येते. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढून घेता येतात. स्तन काढून घेण्याचा निर्णयही काही जणी घेतात. अँजेलिना जोली या नटीनं २०१३ साली तसं केल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं. रोग झालाच तर पेशीतली रफूची दुसरी वाट बंद करणारी औषधं आली आहेत. कर्करोगाच्या पेशीत पहिली वाट आधीच बंद असते. दुसरीही बंद झाली की ती मरते. जे तिचं बळ होतं तेच तिचं मरण होतं. या सगळ्याचा सल्ला द्यायला जाणकार आहेत. मुंबईत टाटा रुग्णालयात, खारघरला त्यांच्याच संशोधन केंद्रात आनुवंशिक कर्करोगाचा दवाखाना आहे. पन्नाशीच्या आत रोग झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, अंडाशयाचा झाला असेल, घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झाला असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना आपण होऊन विचारा.

आणि ज्यांच्या घरात कुणालाच नाही त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर एक प्रयोग केला. निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या बाईनं दर दोन वर्षांनी नुसती हातानं तपासली. यंत्र नाही, काही नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. धाकट्या वयात मृत्यूंत तेवढा फरक दिसला नाही. पण पन्नाशीनंतर तीस टक्के, तेही नुसत्या हातानं. मात्र बाईनं 'मला काहीतरी लागतंय' असं म्हणायला हवं, आणि घरानं ते ऐकायला हवं.

म्हणून एक विनंती करतो. ईदला, दिवाळीला, जत्रेला घरची माणसं जमतील तेव्हा एक कागद घ्या. आपली, आई-वडिलांची, आजी-आजोबांची पिढी. आईकडच्या बायका आणि वडिलांकडच्याही. आत्या, आतेबहिणी, चुलतबहिणी, आजोबांच्या बहिणी. पुरुषही लिहा. कोण कशानं गेलं, किती वयाचं होऊन गेलं. 'छातीचं दुखणं', 'पोटात गोळा', 'अंगावरून जायचं' असे जुने शब्द येतील, ते तसेच लिहा. अर्थ डॉक्टर लावतील. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई आहे तोवर हे करा. आमच्या अम्मानं त्या संध्याकाळी तोंड उघडलं नसतं तर आमच्या कागदावर आजही 'नाही' असंच राहिलं असतं.

आजोबांच्या शजऱ्यात मी आता भर घातली आहे. अब्बांच्या नावाशेजारी जागा कमी होती, म्हणून समासात लिहावं लागलं. फुप्पीचं नाव, आणि पुढं, वय ३६, स्तनाचा कर्करोग. अक्षर आजोबांसारखं देखणं आलेलं नाही. पण वाचता येतं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)